रूपक-कादंबरीची कीर्द-खतावणी: नव्या वाचकांसाठी

पाउलो कोएलोची 'द अल्केमिस्ट' ही कादंबरी वाचायला घेणारे बहुतेक जण पेन्सिल घेऊन बसतात आणि चांगल्या वाक्यांखाली रेघा मारत जातात. पुस्तक संपतं तेव्हा हाती वीस-पंचवीस सुविचार उरतात. स्टेटसला ठेवायला ते बरे असतात, पण त्यांत कादंबरी नसते. त्यातल्या मेंढपाळ पोरानं, सँतियागोनं, वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला काय मोजलं आणि त्याच्या पदरात काय पडलं, यात कादंबरी असते. म्हणून अशा पुस्तकाचा हिशेब मांडावा. सांगलीच्या हळदपेठेत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही: रोजचा व्यवहार आधी कीर्दीत उतरतो, मग खात्याखात्यानं खतावणीत जातो, आणि शेवटी शिल्लक निघते. खाली दिलेली पद्धत तीच आहे, फक्त रुपयांच्या जागी मेंढ्या, महिने आणि भीती आहे.

एकट्यानं वाचायचं असेल तरी ती चालते. सहा ते आठ जणांचा गट असेल तर जास्त चांगली चालते. आठच्या वर माणसं झाली की तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. कथेचा शेवट पुढे उघड केला आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी आधी एकदा सरळ वाचून काढावं, मगच इथं यावं.

आधी शब्द साफ करून घ्या

पहिल्या बैठकीतला अर्धा तास यावर गेला तरी तो वाया जात नाही. बोधकथेत तात्पर्य शेवटी सांगितलेलं असतं. रूपककथेत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. वर प्रवासाची गोष्ट आणि खाली मनाची, आणि वरच्या वाटेतल्या प्रत्येक वळणाला खाली जोड असते. प्रतीक म्हणजे एक सुटी वस्तू, जिला अनेक अर्थ चिकटू शकतात. रूपक हा अख्खा नकाशा असतो. मराठीत रूपककथा रुळवली ती वि. स. खांडेकरांनी. १८९८ साली सांगलीतच जन्मलेला हा लेखक, त्यामुळे इथल्या गटाला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही.

दुसरा गुंता जास्त चिवट आहे. मूळ पोर्तुगीज कादंबरी १९८८ ची. तिच्यातल्या मध्यवर्ती कल्पनेला, म्हणजे जे साधायची माणसाला मनापासून ओढ असते त्याला, मराठीत आपण झटकन 'नियती' म्हणून मोकळे होतो आणि तिथंच घसरतो. आपल्याकडे नियती म्हणजे चिकटलेली गोष्ट. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवतात, ती येऊन काय लिहायचं ते लिहून जाते. गरिबी 'पाचवीला पुजलेली' असते ती यामुळेच. संचित, प्रारब्ध, विधिलिखित हे सगळे शब्द मागून ढकलणारे आहेत. कादंबरीतली कल्पना पुढून ओढणारी आहे. ती माणसाला लहानपणी दिसते, मोठेपणी विसरते, आणि तो तिला बिनदिक्कत सोडूनही देऊ शकतो. प्रारब्ध कोणाला सोडता येत नाही. त्यामुळे चर्चेत 'नियती' शब्द बाजूला ठेवा आणि 'आपली वाट' म्हणा. वाट चुकते, सोडता येते, पुन्हा सापडते. क्रियापदं आपोआप बरोबर येतात.

गटात कोणी गीतेकडे वळलंच, आणि सांगली-साताऱ्याच्या गटात कोणी ना कोणी वळतंच, तर अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक काढा. तिथं कर्म घडायला पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव आहे, पण पाचवं. ही पाच नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

वही आखणे

शंभर पानी साधी वही पुरते. समोरासमोरची दोन पानं मिळून एक कीर्द. देशी वहीत असतं तसं डावीकडे जमा, म्हणजे मिळालेलं, उजवीकडे नावे, म्हणजे दिलेलं. प्रत्येक नोंदीला पुस्तकाचा पान क्रमांक, ठिकाण आणि एक ओळ. एकच ओळ. 'धैर्य मिळालं', 'श्रद्धा वाढली' असल्या नोंदी पहिल्या वाचनात लिहायच्या नाहीत. कीर्दीत फक्त मोजता येणारं किंवा दाखवता येणारं लिहायचं: मेंढ्या, नाणी, दिवस, मार, वस्तू, दिलेला शब्द. नवखे चुकतात ते इथंच. ते पहिल्याच पानावर अर्थ लावायला बसतात, आणि पंधराव्या पानापर्यंत वही कंटाळवाणी होऊन बंद पडते.

वहीची शेवटची वीस पानं खतावणीसाठी कोरी सोडा.

एक पान जवळून पाहू. सँतियागोकडे साठ मेंढ्या आहेत. पडक्या चर्चमध्ये, उंबराच्या जातीच्या एका झाडाखाली झोपलेला असताना त्याला पिरॅमिडजवळच्या खजिन्याचं स्वप्न दुसऱ्यांदा पडलेलं आहे. तारिफा गावातली जिप्सी बाई स्वप्नाचा अर्थ सांगते आणि पैसे घेत नाही, खजिन्याचा दहावा हिस्सा कबूल करून घेते. मग म्हातारा राजा भेटतो, तो खजिन्याचा नव्हे, मेंढ्यांचा दहावा हिस्सा मागतो. तो खजिना मिळायच्या आधीच हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी सहा मेंढ्या त्याला मिळतात. नावेच्या बाजूला दोन नोंदी पडतात: 'सहा मेंढ्या, रोख' आणि 'खजिन्याचा दहावा हिस्सा, उधार'. जमेला काय? जिप्सीकडून जे पोराला आधीच ठाऊक होतं तेच. राजाकडून एक काळा आणि एक पांढरा खडा.

आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा. जे अजून हातात नाही ते पोरानं सहज देऊन टाकलं, हातातलं देताना तो अडखळला. राजा त्याला सांगतोच, की अजून जवळ नसलेली वस्तू कबूल करत सुटलास तर ती मिळवायची इच्छाच मरते. हे वाक्य सुटं उतरवून घेतलं तर सुविचार होतो. सहा मेंढ्यांच्या नोंदीखाली ठेवलं तर ते व्यवहार होतं. दशमांशाचा धागाही उगाच आलेला नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात चौदाव्या अध्यायात अब्राहाम शालेमच्या राजाला, मलकीसदेकाला, दहावा हिस्सा देतो. कादंबरीतला राजा तोच.

पाच बैठकांची वाटणी

पुस्तकाचे दोन भाग आहेत, पण प्रकरणांना क्रमांक नाहीत. त्यामुळे 'पुढच्या वेळी तीन प्रकरणं' असं सांगता येत नाही, प्रसंगावर थांबावं लागतं. पहिली बैठक मेंढ्या देऊन होईपर्यंत. दुसरी टँजिअरची चोरी आणि काचसामानाचं दुकान, म्हणजे पहिल्या भागाचा शेवट. तिसरी काफिल्यापासून मरूद्यानाच्या सरदारानं सोनं देईपर्यंत. चौथी किमयागाराबरोबरचा प्रवास, पोराला वारा व्हावं लागतं तिथपर्यंत. पाचवी मठ, पिरॅमिड आणि उपसंहार. दर पंधरवड्याला एक, दीड तासाची. दोन बैठकांत महिना गेला तर कीर्द तुटते.

काळ निवडताना इथलं वर्ष पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या माणसाचं लक्ष सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याकडे असतं, तेव्हा काही ठरवू नका. ऊस आणि हळद असलेल्या घरांना डिसेंबर ते मार्च जमत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस बरे, मधे दिवाळीचे सोडून. जागा कुठलीही चालेल, शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली. घाटावर मात्र बसू नका, वही उघडून लिहायला उजेड आणि टेकायला काहीतरी लागतं. साताऱ्याकडच्या गटांना शेवटची बैठक भिलारला घेता येईल. पाचगणीजवळचं हे गाव २०१७ च्या मे महिन्यापासून पुस्तकांचं गाव आहे, आणि तिथं घराघरांत बसून वाचता येतं.

प्रत्येक बैठकीत पहिली वीस मिनिटं फक्त नोंदी वाचायच्या. मत नाही, टीका नाही. कोणाची नोंद राहिली असेल तर ती भरून घ्यायची. हा नियम मोडला की बैठक 'मला काय वाटलं' वर जाते आणि तिथून परत येत नाही.

दुसऱ्या बैठकीला वेळ जास्त द्या

सगळ्या कादंबरीत सगळ्यात कसदार भाग हा आहे आणि सगळ्यात जास्त वाचक तो भरभर उरकतात, कारण त्यात वाळवंट नाही, जादू नाही. टँजिअरला उतरल्या दिवशीच पोराचे सगळे पैसे जातात. 'सगळं विश्व मदतीला येतं' हे प्रसिद्ध आश्वासन राजानं याच्या आधी दिलेलं आहे, हे कीर्दीत पानांच्या क्रमानं आपोआप दिसतं. आश्वासन देताना राजाला मेंढ्या मिळायच्या होत्या, आणि आश्वासनानंतरची पहिली मोठी नोंद चोरीची आहे. लेखकानं हा क्रम मुद्दाम लावला आहे. गटाला तो शोधू द्या, सांगून टाकू नका.

मग टँजिअरमधले, जवळपास सगळे काचेच्या दुकानातले, अकरा महिने आणि नऊ दिवस. हा आकडा पुस्तकातच आहे, वहीत ठळक लिहा. पोर काचा पुसतो, बाहेर मांडणी करायला लावतो, चढ चढून दमलेल्यांना काचेच्या पेल्यांतून चहा विकायची कल्पना काढतो. शेवटी त्याच्याकडे एकशेवीस मेंढ्यांचे पैसे जमतात, होत्या त्याच्या दुप्पट. आता तो घरी जाऊ शकतो. वाट सोडायची सगळ्यात मोठी संधी त्याला संकटात मिळत नाही, नफ्यात मिळते. जमेची बाजू भरली की वाट सुटायची भीती वाढते, हे इथं आकड्यांनीच दिसतं.

दुकानदाराला वेगळं खातं उघडा. त्याला मक्केला जायचं आहे, आता पैसेही आहेत, तरी तो जात नाही. जाऊन आलो तर पुढे जगायला काय उरेल, ही त्याची भीती. आणि 'मक्तूब', म्हणजे 'लिहिलेलं आहे', हा अरबी शब्द पुस्तकात पहिल्यांदा त्याच्याच तोंडी येतो. खतावणीत 'मक्तूब' नावाचं एक खातं काढा: शब्द कोण म्हणतं, आणि म्हणून झाल्यावर तो माणूस चालायला लागतो की बसून राहतो. दुकानदार बसून राहतो.

त्याच खात्यात तिसऱ्या बैठकीत दुसरी नोंद येते, ती उंटवाल्याची. त्याची फळबाग होती. धरणी हादरली, नाईल पात्राबाहेर आली, जमीन गेली आणि तो उंट हाकू लागला. पुस्तकात हे जेमतेम एका पानाचं आहे. सांगलीत ते पान सावकाश आणि मोठ्यानं वाचावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं होतं. ज्यांच्या घरात गाळ आला त्यांना 'लिहिलेलं होतं' हे वाक्य काय करतं, हे पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. कोणाला ते सांत्वन वाटतं, कोणाला ते राग आणतं. दोन्ही वहीत येऊ द्या. उंटवाला ही 'लिहिलेलं आहे'ची कल्पना मागच्या नुकसानीला लावतो, दुकानदार पुढच्या न केलेल्या कामाला. एकच कल्पना, पण खात्याच्या दोन वेगळ्या बाजू.

खतावणी

तिसऱ्या बैठकीनंतर नोंदी खात्यांत उतरवायला घ्या. सहा खाती पुरतात: मेंढ्या, दशमांश, खुणा, सोनं, मक्तूब, आणि पोर सोडून इतर माणसं. पंधरा खाती काढणाऱ्यांची खतावणी पूर्ण होत नाही.

खुणांच्या खात्यात गंमत आहे. सुरुवातीला पोर खूण दुसऱ्याकडून समजून घेतो, मग खडे टाकून विचारायचं सोडतो, मग मरूद्यानात ससाण्यांची झुंज पाहून हल्ला होणार हे स्वतः ओळखतो. तीनशे विहिरी आणि पन्नास हजार खजुरीची झाडं असलेलं ते ठिकाण त्या एका खुणेवर वाचतं, आणि खूण खोटी ठरली असती तर त्याला जीव द्यावा लागला असता. म्हणजे खुणेची किंमत दर वेळी वाढत जाते. पान क्रमांक लावून ठेवलेत तर चढ स्पष्ट दिसतो.

प्रतीकांचा शब्दकोश करू नका. 'वाळवंट म्हणजे संकट, सोनं म्हणजे ज्ञान' असं एकास एक लावलं की रूपक मरतं. सोन्याचं खातं पाहा: मठात शिशाचं सोनं होतं, त्याचे चार वाटे होतात, आणि पिरॅमिडपाशी पोराजवळचं सोनं लुटारू काढून घेतात. तिथं सोनं म्हणजे ज्ञान धरलं तर लुटारूंनी ज्ञान नेलं असं म्हणावं लागेल. अर्थ बसतो का हे तपासायची सोपी रीत आहे. तुम्ही लावलेला अर्थ त्या खात्यातल्या प्रत्येक नोंदीला लावून बघा. एका नोंदीला नाही बसला तर अर्थ चुकला, नोंद नव्हे.

इतर माणसांच्या खात्यात फातिमाचं नाव येतं आणि गट दोन बाजूंना जातो. जाऊ द्या. पोराला वाट आहे, इंग्रजाला आहे, दुकानदाराला निदान सोडलेली आहे. फातिमाच्या वाट्याला वाट पाहणं आहे. तिची नावेची बाजू भरते, जमेची कोरी राहते. कादंबरीचा हा खरा कमकुवतपणा आहे, आणि तो झाकून वाचायची गरज नाही. ज्या घरांतले पुरुष मुंबईला किंवा सैन्यात होते, त्या घरांतल्या बायकांनी इथं बोलावं. सातारा जिल्ह्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत.

शेवट तपासणे

पिरॅमिडपाशी मार खाल्ल्यावर लुटारूंचा म्होरक्या हसून आपलं स्वप्न सांगतो: स्पेनमधल्या एका पडक्या चर्चमध्ये, मेंढपाळ झोपतात तिथल्या झाडाखाली खजिना आहे, पण स्वप्नासाठी वाळवंट ओलांडायला मी वेडा नाही. खजिना पोर निघाला तिथंच होता. हा सांगाडा जुना आहे. तेराव्या शतकात फारसी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्यात बगदादचा माणूस असाच स्वप्नामागून इजिप्तला जातो, पहारेकऱ्याचा मार खातो, आणि त्याच्या तोंडून स्वतःच्या घराचा पत्ता ऐकतो. अरेबियन नाइट्समध्येही ही गोष्ट आहे. गटात ती दहा मिनिटांत तोंडी सांगा आणि मग विचारा: सांगाडा उसना, तर या लेखकाचं स्वतःचं काय? उत्तर खतावणीत मिळतं. दुकान, काफिला, मरूद्यान, म्हणजे मधले मुक्काम. जुन्या गोष्टीत मधलं जवळपास काही नाही.

आता शिल्लक काढा. जमेला स्पॅनिश सोन्याची नाणी भरलेली पेटी. देणं एकच उरलं आहे, जिप्सीचा दहावा हिस्सा, आणि पोराला ते उपसंहारात आठवतं. पहिल्या बैठकीतली उधार नोंद चार महिन्यांपूर्वी लिहिलेली असेल तर कोणाला आठवत नाही, पंधरवड्याच्या अंतरानं बसलेल्या गटाला ती बरोबर आठवते. बैठका लांबवू नका म्हणायचं कारण हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलावी लागते, विशेषतः गटात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं असतील तर. हे पुस्तक त्यांच्या टेबलावर फार दिसतं. या कादंबरीत खजिना आहेच, कारण तो लेखकानं आधी पुरून ठेवला आहे. रूपकात मुक्काम ठरलेला असतो, म्हणून वाटेतला प्रत्येक मार सार्थकी लागतो. त्यावरून आपल्या चौथ्या प्रयत्नाचा निकाल काढता येत नाही. पुस्तकातून घ्यायचंच असेल तर ते अकरा महिने घ्या. पोर पैशावाचून अडला तेव्हा तो बसून राहिला नाही, त्यानं दुकानात काम धरलं. गीतेतली पाच नावं इथं पुन्हा उघडा आणि प्रत्येकाला कादंबरीतली एक-एक नोंद लावा. दैवाच्या खात्यात किती येतं आणि हालचालींच्या खात्यात किती, ते मोजा.

वही बंद करण्याआधी

हीच आखणी दुसऱ्या पुस्तकाला लावून पाहिल्याशिवाय पद्धत हातात बसत नाही. पहिल्यांदा खांडेकरांची एखादी छोटी रूपककथा घ्या. दोन पानांची कीर्द होते, एका बैठकीत संपते. त्यानंतर जी. ए. कुलकर्णींची 'प्रवासी'. तिथं वाट, मुक्काम, खुणा सगळं आहे, पण जमेची बाजू भरता भरता हात थांबतो. जी. एं.ची नियती पाचवीला पुजलेली आहे, पुढून ओढणारी नाही. पहिल्या बैठकीत बाजूला ठेवलेला तो शब्द त्या वहीत परत घ्यावा लागेल.

वारी केलेलं कोणी गटात असेल, आणि लोणंद-फलटणकडचं माणूस असेल तर असेलच, तर त्याच्याकडून वारीची कीर्द भरून घ्या: दिवस, मुक्काम, काय दिलं, काय मिळालं. वारकऱ्याला विठोबा कुठं उभा आहे ते निघतानाच माहीत असतं. त्या वहीत 'खुणा' हे खातं उघडावं लागतं का, एवढं फक्त पाहा.